उमेदवार आपला, मग काम कोणाचे?

निवडणूक जाहीर झाली की वस्तीत दोन प्रकारची माणसे बाहेर पडतात. एक, "या वेळी काय मिळणार?" असे विचारणारी आणि दुसरी, "माझ्या वाट्याला कोणते काम?" असे विचारणारी. पहिल्या प्रकारच्या माणसांसाठी लिहिण्याची गरज नाही. त्यांना शोधत गाड्या येतात. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या समाजबांधवांसाठी आणि भगिनींसाठी आहे. त्यांच्यात कोणी गिरणीतून घरी बसलेले असतील, कोणी ऑटोरिक्षा चालवीत असतील, कोणी चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणाऱ्या बाया असतील, कोणी कॉलेजात शिकणारी पोरे-पोरी असतील. त्यांच्याजवळ पैसा नाही, गाडी नाही, पण संध्याकाळचे दोन तास आहेत. हे दोन तास कसे वापरायचे, एवढेच मला सांगायचे आहे.

मी एका खासगी कंपनीत कारकून आहे. बी.कॉम. झालो आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या वह्या लिहीत आलो. नागपूर महापालिकेच्या २०१७ च्या आणि जानेवारी २०२६ च्या अशा दोन्ही निवडणुकांत उत्तर नागपुरातील आमच्या प्रभागात मी एका भगिनीचे काम केले. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण हा लेख त्यांच्या प्रचाराचा नाही. त्या दोन्ही वेळा पडल्या, हे मात्र आधीच सांगून टाकतो. पडलेल्या उमेदवाराच्या कामातूनही शिकण्यासारखे बरेच असते.

नगरसेवकाची निवडणूक लहान नाही

लोकसभा, विधानसभेच्या निवडणुकीत आपल्याकडे जोर असतो. महापालिका आली की "गटारी-नाल्यांची निवडणूक" म्हणून सुशिक्षित माणूस नाक मुरडतो. वाचकहो, आपले अर्धे आयुष्य त्या गटारी-नाल्यांच्या काठीच गेले आहे. नळाला पाणी किती वाजता येते, महापालिकेच्या शाळेत शिक्षक आहे की नाही, दवाखान्यात औषध मिळते की चिठ्ठी, झोपडपट्टीच्या पट्ट्यांचे प्रकरण कोणत्या टेबलावर अडले, सफाई कामगाराला हातमोजे मिळाले का, हे सारे महापालिकेच्या सभागृहाशी जोडलेले प्रश्न आहेत.

नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. राज्यातील इतर अनेक महापालिकांचीही हीच गत होती. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कुठे चाके हलली. या काळात वस्तीतील माणूस अर्ज घेऊन कोणाकडे गेला? साहेबांच्या दारातील शिपायाकडे. नगरसेवक कामाचा असो वा नसो, त्याच्या दारात उभे राहून चार शब्द सुनावता येतात. तो हक्क गेला की काय होते, ते आपण पाहिले. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून शहरांच्या कारभाराला घटनेचा आधार मिळाला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व स्त्रियांच्या राखीव जागा पक्क्या झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा ठेवल्या. हे दार उघडे असताना आपण उंबरठ्याबाहेर उभे राहायचे, हे शहाणपणाचे नाही.

हे मत आले कोठून?

प्रचाराला निघण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने हा इतिहास मुलांना बसवून सांगावा. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, तेव्हा त्यांचे वय २७ वर्षांचे होते. अस्पृश्यांना मताधिकार हवा आणि आपले प्रतिनिधी हवेत, ही मागणी त्यांनी तेथे मांडली. त्या काळी मत होते ते जमीन, कर आणि शिक्षण असलेल्यांना. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढून १९३७ च्या निवडणुका लढवल्या, तेव्हाही मतदार होणे ही ऐपतीची गोष्ट होती. शेतमजूर, भंगी, हमाल, मोलकरीण या सर्वांना एकाच मापाने मत मिळाले ते राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने. पुढे ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून २१ ऐवजी १८ वर्षांच्या मुलामुलींना तो हक्क मिळाला.

१९५२ ची गोष्ट तर प्रत्येक कार्यकर्त्याने गाठीशी बांधावी. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा होता. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. बाबासाहेबांचा पराभव झाला तो सुमारे चौदा हजार मतांनी. आणि वाया गेलेली, बाद झालेली मते होती सत्तर हजारांच्या वर! या प्रकाराविरुद्ध बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जही केला होता. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, आपल्या शेजारच्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले. तेथेही दोन जागा आणि दोन मते होती. "दुसरे मत कोणालाच देऊ नका, जाळून टाका" असे लोकांना सांगावे, असा आग्रह काही कार्यकर्त्यांनी धरला होता, पण बाबासाहेबांनी तो मानला नाही, असे जुनी माणसे सांगत. पराभव पत्करला, पण मत वाया घालवायला सांगितले नाही.

ज्या माणसाने देशाला मताचा हक्क लिहून दिला, त्याच्याच निवडणुकीत मते वाया गेली. यातून कार्यकर्त्याने एक धडा घ्यायचा. आपल्या बाजूने लोक आहेत, एवढ्याने भागत नाही. त्यांचे मत नीट पेटीत पडेपर्यंत काम संपत नाही.

आधी उमेदवार पारखा

आपला माणूस उभा आहे म्हणून लगेच झेंडा हाती घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २००२ च्या निकालाने उमेदवाराचे शिक्षण, मालमत्ता आणि त्याच्यावरील गुन्हे जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य झाला. अर्जासोबत उमेदवार शपथपत्र देतो. ते सर्वांना पाहता येते. ते वाचावे. वाचता येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्यावे.

त्याशिवाय चार साधे प्रश्न विचारावेत. मागच्या पाच वर्षांत हा माणूस वस्तीत कोणत्या कामाला दिसला? निवडून आल्यावर घरातील कोण कारभार पाहणार, बाई स्वतः की तिचा नवरा? निवडणुकीचा खर्च कोण करतो आहे? आणि पडला तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी हा कोठे असेल? आमच्या भगिनींना मी हे प्रश्न तोंडावर विचारले होते. दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी नवऱ्याकडे पाहिले नाही, स्वतः उत्तर दिले. तेवढ्यावर मी होकार कळवला.

एक सूचना नोकरदारांसाठी. जे सरकारी नोकरीत आहेत, त्यांना सेवा नियमांप्रमाणे राजकीय प्रचारात भाग घेता येत नाही. अशा बंधूंनी उगाच नोकरी धोक्यात घालू नये. त्यांनी वस्तीतील लोकांची नावे यादीत आहेत की नाहीत ते पाहावे, तरुणांना अर्ज भरायला शिकवावे. हे काम कोणत्याच पक्षाचे नाही आणि ते प्रचाराइतकेच मोलाचे आहे.

निवडणूक यादीत लढली जाते

सभेला गर्दी जमली की आपला कार्यकर्ता फुगतो. पण सभेतील माणूस मतदार आहे का, हे कोणी पाहत नाही. २०१७ मध्ये आम्ही आठ जणांनी एक नियम केला. भाषणे ज्यांना करायची त्यांनी करावीत, आपण यादी धरायची. मतदार यादीचा एकेक भाग एकेकाने वाटून घेतला आणि घरोघरी जाऊन नाव वाचले. तेव्हा कळले की कोणी वारले आहे पण यादीत जिवंत आहे, कोणी घर बदलून दुसऱ्या टोकाला गेले आहे, आणि लग्न होऊन आलेल्या कित्येक सुनांचे नाव अजून माहेरच्या यादीत आहे. सासऱ्याचे नाव आहे, नवऱ्याचे आहे, दिराचेही आहे, फक्त सुनेचे नाही. विचारले तर घरचे म्हणाले, "तिच्या नावाचे काय अडले आहे?" अडले होते एक मत आणि एका बाईचा मान.

नियम समजून घ्यावेत. नवीन नाव घालायचे तर अर्ज क्रमांक ६. नाव वगळायचे किंवा कोणाच्या नावाला हरकत घ्यायची तर अर्ज क्रमांक ७. पत्ता बदलला असेल, नावात चूक असेल, तर अर्ज क्रमांक ८. पूर्वी १ जानेवारीला १८ वर्षे पूर्ण झाली असतील तरच नाव घेत. आता वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. महापालिकेसाठी मतदारांची वेगळी नोंदणी होत नाही. विधानसभेची यादी घेतात आणि ती प्रभागांप्रमाणे फोडतात. त्यासाठी एक तारीख ठरते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली होती. म्हणजे डिसेंबरात निवडणूक जाहीर झाल्यावर जो तरुण आधारकार्ड घेऊन धावत आला, त्याच्यासाठी वेळ टळून गेली होती. प्रभागाची यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकती घेता येतात, पण त्या एवढ्याच की, माझे नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेले आहे, किंवा विधानसभेच्या यादीत आहे आणि येथे गळले आहे. नवीन नाव त्या वेळी घुसवता येत नाही. नाल्याच्या अलीकडची ओळ एका प्रभागात आणि पलीकडची दुसऱ्यात असली की अशी अदलाबदल हमखास होते. म्हणून यादीचे काम निवडणुकीच्या आधी वर्षभर चालले पाहिजे. बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास एक टेबल मांडले, दोन मुली अर्ज भरायला बसवल्या, तरी वर्षात सारी वस्ती यादीत येते.

दारावर गेल्यावर

दारोदार जाण्याचीही एक रीत आहे. दहा-बारा जणांचा घोळका घोषणा देत गल्लीतून गेला की घरातील बाई दार लोटून घेते. दोघांनी जावे, त्यात एक भगिनी असावी. "जयभीम, ताई" म्हणावे आणि आधी ऐकावे. कारखान्यातील पाळी, स्वयंपाकाची वेळ, पाणी भरण्याची वेळ टाळावी. ज्या घरी नळ रात्री येतो त्या घरी नळाच्या वेळी मत मागायला जाणाऱ्याला मत मिळत नाही, शिवी मिळते!

आपल्याच लोकांपुरते फिरायचे, ही सवय मोडली पाहिजे. प्रभागात कोष्टी आहेत, तेली आहेत, मुसलमान आहेत, सिंधी दुकानदार आहेत. नळ सर्वांचा कोरडा असतो. आमच्या भगिनी त्यांच्या दारात गेल्या तेव्हा काही जणांनी आत बोलावले नाही, हे खरे. पण २०२६ मध्ये त्यांतल्याच एका घरातील म्हाताऱ्याने आम्हाला ओट्यावर बसवून पाणी दिले आणि गल्लीतील बंद दिव्यांची यादीच सांगितली. नऊ वर्षे लागली, पण दार उघडले.

प्रत्येक घरची अडचण वहीत लिहावी, नाव, घर आणि तारीख घालून. वचन देऊ नये. "करून देऊ" म्हणणारे रोज येतात. "लिहून घेतले आहे, पुन्हा येऊन सांगतो" म्हणणारा क्वचित येतो.

चार बटणांचा धडा

नागपुरात एका प्रभागातून बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक निवडायचे असतात. एकूण १५१ जागा आणि ३८ प्रभाग. मतदाराला चार मते द्यायची असतात: अ, ब, क आणि ड. प्रत्येक गटाचे उमेदवार वेगळे आणि मतपत्रिकेचा रंग वेगळा. चारही जागांसाठी एकेक बटण दाबले की लांब शिटी वाजते आणि मतदान पूर्ण होते. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण आहे.

कागदावर हे सोपे वाटते. पण सत्तरीच्या आजीबाईंना विचारा. आमच्या गल्लीतील एक आजी २०१७ मध्ये आपल्या ओळखीचे एक चिन्ह दाबून परत फिरल्या. कर्मचारी मागून हाका मारतो आहे, आजी म्हणतात, "माझे झाले!" रांगेतील लोक हसले. आजी ओशाळल्या आणि मग घाईघाईत दिसतील ती बटणे दाबून आल्या. तिघे कोण निवडले, ते त्यांनाही ठाऊक नाही. १९५२ च्या दोन मतांच्या घोटाळ्यात आणि या चार मतांच्या घोटाळ्यात मला फार फरक दिसत नाही.

म्हणून २०२६ मध्ये आम्ही पुठ्ठ्यांची चार यंत्रे केली. चपलांच्या खोक्यांचे पुठ्ठे, त्यावर रंगीत कागद आणि बटणाच्या जागी बाटल्यांची झाकणे. नववीतल्या दोन मुलींनी दुपारच्या वेळी ओट्याओट्यावर जाऊन बायांना सराव दिला. पहिले बटण, दुसरे, तिसरे, चौथे, मग शिटी. शिटी मुली तोंडानेच वाजवीत. बाया हसत आणि शिकत. मतदानाच्या दिवशी तीच आजी बाहेर येऊन मला म्हणाली, "चारही दाबले रे बाबा, आणि पाहून दाबले." त्या वाक्यापुढे मला सभेतील टाळ्या फिक्या वाटतात. आजीने कोणाला मत दिले, ते मी विचारले नाही. ते तिचे आहे.

हिशेबाची वही

या कामाकडे कोणी फिरकत नाही, म्हणून ते माझ्याकडे येते. उमेदवाराला निवडणूक खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो आणि निकालानंतर ३० दिवसांत तो सादर करावा लागतो. पडलेल्या उमेदवारालाही हे चुकत नाही. हिशेब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवले जाते. आपल्या गरीब उमेदवारांत ही गफलत फार होते. पडल्याच्या दुःखात माणूस घरी बसतो, पावत्या उडून जातात आणि पुढच्या निवडणुकीला अर्ज भरताना दार बंद झालेले कळते.

हिशेबाची रीत सोपी आहे. निवडणुकीसाठी बँकेत वेगळे खाते उघडावे. लोकांनी दिलेली वर्गणी, मग ती दहा रुपये का असेना, पावती फाडूनच घ्यावी. मंडप, रिक्षा, ध्वनिक्षेपक, पत्रके, चहा, प्रत्येकाचे बिल त्याच दिवशी वहीत चढवावे. पत्रकावर छापणाऱ्याचे व प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि प्रतींची संख्या आहे की नाही, ते छापखान्यातच पाहून घ्यावे. एखाद्या हितचिंतकाने फुकट मंडप दिला तरी त्याची किंमत खर्चात धरावी लागते, हे आधी समजावून सांगावे. आमच्या भगिनींच्या प्रचारात सर्वांत मोठा खर्च पत्रकांचा आणि त्याखालोखाल चहाचा. जेवण कार्यकर्त्यांनी घरूनच आणले.

यात एक नैतिक गोष्टही आहे. ज्या उमेदवाराची वही उघडी असते, तो कोणाचा मिंधा नसतो. मोठ्या शेठने पैसा लावला की निवडून आल्यावर नगरसेवक शेठचा होतो, वस्तीचा राहत नाही.

शेवटची रात्र

मतदानाच्या आदल्या रात्री काय होते, ते सर्वांना माहीत आहे. दिवे मालवलेल्या गल्लीत पाकिटे फिरतात, बाटल्या येतात, साड्या येतात. याबद्दल मोलमजुरी करणाऱ्या माणसाला शिव्या देणे मला पटत नाही. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्याला दोन हजार रुपये मोठे वाटणारच. पण हिशेब मांडून दाखवता येतो. दोन हजाराला साठ महिन्यांनी भागा. महिन्याला तेहतीस रुपये, म्हणजे दिवसाला रुपयाच्या थोडे वर. एवढ्यात आपण पाच वर्षांची तोंडे बंद करून घेतो. मत विकत घेतलेला नगरसेवक उद्या सरळ म्हणतो, "तुमचे पैसे दिले ना?" त्याला उत्तर नसते.

कायद्यानेही मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा दोघे गुन्हेगार आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या लाचेसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आमच्या वस्तीत २०२६ मध्ये भगिनींनीच उपाय काढला. आदल्या रात्री गल्लीच्या तोंडावर त्या चादरी टाकून बसल्या, गाणी म्हटली, शेकोटी केली. कोणाशी भांडण नाही, कोणाला अडवणे नाही. फक्त जागे राहायचे. थंडी होती, मुले मांडीवर झोपली होती. उजेडात पाकीट काढायला माणूस लाजतो, एवढे त्यांना ठाऊक होते. सारे थांबले असा माझा दावा नाही. पण त्या गल्लीत ते कमी झाले, हे मी पाहिले.

मतदान केंद्रावर

मतदान प्रतिनिधी हा शोभेचा माणूस नाही. त्याने मतदान सुरू होण्यापूर्वी केंद्रावर हजर पाहिजे, कारण चाचणी मतदान प्रतिनिधींच्या समोर होते. यंत्र शून्यावर आहे का, मोहोरेचे क्रमांक कोणते, ते लिहून घ्यावे. दिवसभर यादीवर खुणा कराव्यात. आपल्या ओळखीच्या माणसाच्या नावावर दुसराच कोणी आला तर शांतपणे आक्षेप घ्यावा. विधानसभा-लोकसभेच्या नियमात आक्षेपाची अनामत फक्त २ रुपये आहे, म्हणून खिशात सुटे पैसे असावेत. आणि एखाद्याचे मत आधीच कोणी देऊन गेले असेल, तर खऱ्या मतदाराने रडत परतू नये. ओळख पटवून त्याला प्रदत्त मत कागदी मतपत्रिकेवर देता येते, ते त्याने मागावे.

मतदान संपल्यावर घाईने घरी पळू नये. यंत्रात एकूण किती मते पडली, तो आकडा लिहून घ्यावा. विधानसभा-लोकसभेला हा हिशेब नमुना १७-सी मध्ये असतो आणि त्याची प्रत प्रतिनिधीला मिळते. मतमोजणीच्या दिवशी तोच आकडा टेबलावर जुळतो का, ते पाहायचे असते. यंत्राविषयी गल्लीत बसून तक्रार करणारे फार भेटतात. वहीतील आकडा दाखवून बोलणारा एखादाच भेटतो, आणि अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते ते त्यालाच.

केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचार करू नये. चिन्हाची टोपी, बिल्ला, उपरणे बाहेर ठेवावे. आपल्या उत्साहाने आपलाच उमेदवार अडचणीत येतो.

आपलेच आपल्यासमोर

शेवटी जिव्हाळ्याचा प्रश्न. आमच्या प्रभागात राखीव जागेवर समाजाचे अनेक उमेदवार उभे होते, प्रत्येकाच्या पत्रकावर बाबासाहेबांचे छायाचित्र आणि प्रत्येकाची तीच घोषणा. एकमेकांचे नातेवाईक एकमेकांविरुद्ध फिरत होते. मते फुटली आणि व्हायचे ते झाले. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी याच नागपुरात स्थापन झाला. तेव्हापासून फूट आणि ऐक्य यांच्या किती वाऱ्या झाल्या, ते मोजायला दुसरी वही लागेल. पण १९९८ ची लोकसभाही आठवावी. त्या वर्षी प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे महाराष्ट्रातून एकाच वेळी निवडून आले आणि चौघेही राखीव नसलेल्या मतदारसंघांतून. जुळवून घेतले की काय होते, याचा तो पुरावा आहे.

नेत्यांना एकत्र आणणे आपल्यासारख्या कारकुनाच्या हाती नाही. आपल्या हाती एवढेच आहे की, अर्ज मागे घेण्याची तारीख निघून जाण्यापूर्वी विहारात सर्व इच्छुकांना बोलवावे आणि वस्तीने त्यांना उघड प्रश्न विचारावेत. कोणी ऐकेल, कोणी ऐकणार नाही. आणि प्रचारात समाजाच्या दुसऱ्या उमेदवाराबद्दल, विशेषतः त्याच्या घरच्या बायांबद्दल, वाईट शब्द तोंडातून जाऊ देऊ नये. निवडणूक एका दिवसाची आहे. शेजार, लग्नकार्य आणि मयत ही कायमची आहेत.

निकालानंतरचे काम

१६ जानेवारी २०२६ ला मतमोजणी झाली. आमच्या भगिनी पडल्या. त्यांची सून रडली, आम्हीही रात्री जेवलो नाही. पण तिसऱ्या दिवशी त्याच भगिनी दारोदार लिहिलेली वही घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, यातले दिवे, गटारी आणि पाण्याचे वेगळे काढून द्या." मी तीन याद्या करून दिल्या. त्यांनी अर्ज टाईप करून घेतले, त्यावर बायांच्या सह्या-अंगठे घेतले आणि झोन कार्यालयात पोच घेऊन दिले. निवडून आलेल्या नगरसेवकांनाही प्रती दिल्या, कारण ते आता आपलेही नगरसेवक आहेत. काही दिवे लागले, काही अजून बाकी आहेत. पोचेच्या प्रती माझ्याकडे फायलीत आहेत आणि दर महिन्याला स्मरणपत्र जाते.

तर बंधू-भगिनींनो, पुढची निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. या रविवारी घरातील सर्वांची नावे यादीत पाहा. मुलगा-मुलगी १८ वर्षांची झाली असेल तर अर्ज क्रमांक ६ भरा. सून आली असेल तर तिचे नाव सासरच्या पत्त्यावर आणा. शाळेची एक जुनी वही घ्या आणि तुमच्या ओळीतील दहा घरांच्या अडचणी तिच्यात लिहा. दहा घरांचा एक माणूस, एवढे जरी प्रत्येक गल्लीत उभे राहिले, तरी पुढच्या वेळी उमेदवाराला कार्यकर्ते भाड्याने आणावे लागणार नाहीत, आणि निवडून आल्यावर त्याला वस्तीला विसरताही येणार नाही.

जयभीम!